खो न देणारा पाळक

ऐका लहानथोरहो, फार फार जुन्या काळी दोन डोंगरांच्या मधल्या एका गावात ख्रिस्ती मंडळीचं कौलारू देऊळ होतं. त्या देवळाचा पाळक होता शांतवन. नाव शांतवन, पण पायाला भिंगरी! घंटा तोच वाजवायचा, गीत तोच सुरू करायचा, उपदेश तर तोच करायचा. दुसऱ्या कुणी प्रार्थनेला तोंड उघडलं की याचा जीव खालीवर व्हायचा. "थांब, मी करतो," म्हणत तो मधेच घुसायचा.

माणूस वाईट नव्हता हो. आपण हात काढला तर मंडळी विस्कटेल, या धास्तीनं त्याचा डोळा लागत नसे. मंडळी मात्र हळूहळू नुसती ऐकणारी होऊन गेली.

कापणीच्या सणाला शेजारगावच्या मंडळीशी खो-खोचा सामना व्हायचा. त्या वर्षी एक गडी आजारी पडला आणि शांतवनानं कंबर कसली. संघाचा म्होरक्या दाऊद सुतार. त्यानं पाळकाला रांगेत बसवलं. या खेळात आठ गडी बसतात आणि नववा पाठलाग करतो. पाठीत खो मिळेपर्यंत बसलेल्यानं उठायचं नाही, आणि पाठलाग करणाऱ्यानं मागं फिरायचं नाही. नियम एवढासाच.

पण शांतवनाला बसवेल तर ना! समोरून कुणी निसटताना दिसलं की हा खो मिळायच्या आधीच उभा. तीनदा उठला, तीनदा चूक दिली गेली. शेवटी त्याला खरंच खो मिळाला आणि तो जो सुटला, तो थांबेचना. समोरच्या संघाचा गडी बसलेल्यांच्या मधून हसतहसत पलीकडे सटकायचा. पाळकाला तिथून जायची मुभा नाही, म्हणून हा खांबाला वळसा घालून धापा टाकत पोचायचा. तोवर गडी पुन्हा अलीकडे!

"पाळकबाबा, खो द्या की! माझ्या हाताशी आहे तो!" दाऊद ओरडला.

"मीच धरतो!" शांतवन म्हणाला, आणि खांबापाशी पाय मुरगळून आडवा झाला. सामना हातचा गेला.

गड्यांनी त्याला उचलून देवळाच्या पायरीवर बसवलं. इतक्यात वरच्या वाडीतली एक बाई धावत आली. "योनाबाबाची शेवटची घटका आलीय. प्रार्थनेला कुणीतरी या, म्हणतोय."

शांतवन ताडकन उठला आणि तसाच कोसळला. "मला डोलीतून न्या!"

"चढ उभा आहे, बाबा," दाऊद म्हणाला. "डोली पोचेतो म्हातारा राहायचा नाही."

"मग तू जा."

दाऊदनं मान खाली घातली. "मला प्रार्थना येत नाही. तुम्ही एकदाही पुरी करू दिली नाहीत."

हे बोल शांतवनाला मुरगळलेल्या पायापेक्षा जास्त लागले. लाज वाटली, आणि भीतीही वाटली. हा काय बोलेल? काय विसरेल? तरी त्यानं दाऊदच्या पाठीवर हात ठेवला. "जा. जमेल तशी कर."

दाऊद पळत सुटला. इकडे शांतवनाला पायरी जणू टोचत होती. त्यानं वाटेकडे पन्नासदा पाहिलं. मनातल्या मनात दाऊदची प्रार्थना दहादा सुधारली. दोनदा लंगडत फाटकापर्यंत गेला आणि कळवळून परतला.

दिवेलागणीला दाऊद आला. "योनाबाबा गेला. समाधानानं गेला."

"प्रार्थना कशी केलीस? चुकली तर नाही ना?"

"चुकली की. प्रभूची प्रार्थना म्हणत होतो, मधेच ओळ विसरलो. मग योनाबाबानंच पुढची ओळ सांगितली. दोघांनी मिळून पुरी केली. आमेन म्हणून त्यानं डोळे मिटले."

शांतवनाच्या ओठांवर आलेला उपदेश तिथंच विरला. तो दाऊदचा हात धरून रडला.

पुढच्या रविवारी घंटा दुसऱ्याच कुणी वाजवली, तीही उशिरा. गीत बेसूर सुरू झालं. मागच्या बाकावर पाळक चुळबुळत होता, बोटं मोडत होता, पण उठला नाही. दुसऱ्या कडव्याला सगळं देऊळ गाऊ लागलं.

तात्पर्य: जो पुढारी बसायला शिकत नाही, त्याची माणसं उठायला शिकत नाहीत.