पळसखिंडीच्या पंगतीतला हात

पळसखिंडीच्या खंडोबाला गेलात तर देवळामागच्या खडकावर जरूर जा. चंपाषष्ठीची पंगत तिथेच बसते. त्या काळ्या, सपाट खडकात एका जागी हाताचा पंजा उमटला आहे आणि त्याच्यावर तिरका दुसरा पंजा. पावसाचे पाणी आत साचले की बोटे वेगवेगळी दिसतात. देवळाचे म्हातारे दौलू गुरव पाहुण्यांना आधी देव दाखवतात, मग हा खडक. आणि पायरीवर बसवून त्याची हकीकत सांगतात.

फार मागची गोष्ट. तेव्हा गावात दोन आळ्या होत्या, वरची आणि खालची. चातुर्मासभर कोणी वांगे तोंडात घालत नसे, कांद्याला शिवत नसे. चंपाषष्ठीला देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की चार महिन्यांची वासना एकदम सुटायची. त्यात गावाने ईर्ष्या घातली होती. प्रत्येक आळीने आपला एक जेवणारा समोरासमोर बसवायचा. जो आधी उठेल त्याची आळी वर्षभर पालखीच्या मागे चालणार. कोणी ‘पुरे’ म्हणून पानावर हात आडवा धरला, तर वाढप्याने हसत हसत तो बाजूला सारायचा आणि वाढायचे. देवाच्या प्रसादाला नाही म्हणायचे नाही, असा दंडक. ज्याला असा हात सारता येई, त्याला गाव चांगला वाढपी म्हणत असे.

खालच्या आळीत सटवाजी आणि म्हाळू हे दोघे मेंढके भाऊ राहत. आईबाप लवकर गेलेले. सटवाजीने धाकट्याला पाठीवर घेऊन मेंढरे राखली, असे सांगतात. सटवाजी उंचापुरा, शांत. म्हाळू मात्र तापलेल्या तव्यासारखा. पाणी पडले की चर्र!

एका वर्षी सटवाजी आळीसाठी पानावर बसला. समोर वरच्या आळीचा रखमाजी कोष्टी, पोट सुटलेला, तोंडाचा फटकळ.

“काय रं मेंढक्या,” रखमाजी म्हणाला, “मेंढरावानी नुसतं चघळतोस व्हय? गीळ की!”

पंगत खदखदून हसली. म्हाळूचे डोके भडकले. त्याने वाढप्याच्या हातातली परात हिसकली आणि स्वतः भावाला वाढू लागला. बऱ्याच वेळाने सटवाजीने पानावर हात ठेवला.

“बास रं धाकट्या.”

“दादा, आळी बघतीया!” असे म्हणून म्हाळूने तो हात उचलला, बाजूला ठेवला आणि रोडगा वाढून वर तुपाची धार धरली. सटवाजीने धाकट्याकडे पाहिले आणि खाल्ले. खालची आळी जिंकली. गुलालात न्हालेल्या भावाला म्हाळू खांद्याचा आधार देत घरी घेऊन गेला. दिवस मावळायच्या आत सटवाजीने पोट धरले, आणि तो गेला.

म्हाळू रडला नाही, म्हणे. तो मेंढरांवर ओरडायचा, दगडांना लाथा मारायचा. भावजय ठकूबाईने पुढ्यात भाकरी ठेवली की उठून जायचा. त्याच्या मनाने एकच धरले होते, की रखमाजीने टोमणा मारला नसता तर दादा वेळेवर उठला असता. आपण सारलेला तो हात मात्र त्याने मनात येऊ दिला नाही.

वर्ष फिरले. रखमाजी पुन्हा पानावर बसणार हे कळले, तसा म्हाळू पंचांकडे गेला आणि म्हणाला, “वरच्या आळीच्या पानावर मी वाढणार.” लोकांना वाटले, पोराने राग सोडला. त्याने मनात ठरवले होते ते वेगळेच होते. दादा गेला तसाच हा गेला पाहिजे.

पंगत बसली. ‘येळकोट येळकोट’ झाला. म्हाळू रखमाजीसमोर उकिडवा बसला आणि वाढू लागला. एक रोडगा संपतो न संपतो तोच दुसरा. मागून एकजण कढत तुपाची कासंडी घेऊन फिरत होता. समोरचा खालच्या आळीचा जेवणारा केव्हाच ढिला पडला होता, तरी कोणी उठायला तयार नव्हते. रखमाजीच्या तोंडातून त्या दिवशी एकही टोमणा निघाला नव्हता. कपाळावर घाम, ओठ निळसर, घास तोंडात तसाच फिरत राहिलेला.

“ऊठ की,” म्हाळू दात खाऊन हळूच म्हणाला. “उठवंना?”

“कसा उठू?” रखमाजी पुटपुटला. “आळी बघतीया.”

आणि त्याने पानावर हात ठेवला.

म्हाळूने सवयीने तो हात धरला. हात गार होता, घामाने ओला. वर्षापूर्वी धरलेला हातही असाच गार होता, हे त्याला तेव्हा आठवले. तो जागच्या जागी थिजला.

“अरं सार की हात!” मागून लोक ओरडले. “मेंढक्याला वाढाय येईना झालं!” कोणी म्हणाले, “त्याच्यानं न्हाई व्हायचं, तूप सोड रं तू!” तूपवाल्याने कासंडी वाकवली. म्हाळूने परात टाकली आणि रखमाजीच्या हातावर आपला हात दाबून धरला. कढत तुपाची धार त्याच्या हातावर पडली. कातडी भाजली, पण हात हलला नाही.

“झालं दादा,” तो म्हणाला. “झालं. आता न्हाई.”

मग तो जो रडला, तो पंगत उठली तरी थांबेना. रखमाजीही त्याच्या खांद्यावर डोके टेकून रडू लागला. त्या दिवशी कुठली आळी जिंकली ते कोणी विचारले नाही. पत्रावळ उचलली तेव्हा खालचा खडक मेणासारखा दबलेला होता आणि त्यात दोन हात उमटले होते, असे सांगतात. देवाने नैवेद्य घेतला तो हाच, असे पंच म्हणाले आणि ईर्ष्येची पंगत त्यांनी तिथेच मोडली.

रखमाजीने म्हाळूला हाताला धरून घरी नेले. ठकूबाईने भाजलेल्या हाताला कोरफड लावली, फडके बांधले. बांधता बांधता ती एवढेच म्हणाली, “हे गेल्या साली का न्हाई सुचलं रं, भावजी?”

 मग तिने भाकरी पुढे केली, तेव्हा म्हाळू उठून गेला नाही.

आजही चंपाषष्ठीला या खडकावर भरीत-रोडग्याची पंगत बसते. आग्रह होतो, थट्टा होते, तुपाची धार सुटते. पण कोणी पानावर हात ठेवला की शेजारी बसलेल्याने, ओळखीचा असो वा परका, आपला हात त्यावर ठेवायचा. मग वाढपी मुकाट्याने पुढे जातो. शेजाऱ्याने तेव्हा ‘झालं दादा’ म्हणायचे असते. पानावर म्हातारी बसलेली असो, नवी नवरी असो की शेंबडे पोर, पळसखिंडीत त्या क्षणी सगळ्यांना दादाच म्हणतात.