ठकूच्या पावलांचा कातळ

तळसड्याची गाडीवाट सड्याचं उघडं पठार सोडून गावाकडे उतरते, तिथे वेशीला लागून एक काळा कातळ आहे. त्यावर दोन पावलं उमटली आहेत. देवळात दिसतात तशी नाजूक, निमुळती नाहीत. आखूड आहेत, पसरट आहेत, अंगठा एकीकडे आणि करंगळी दुसरीकडे पळालेली. पावलांच्या समोर दोन गोल खळगे आहेत, त्यांच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. पाहुणे आले की गावातल्या हौसाक्का त्यांना पायताण काढून त्या पावलांत उभं करतात. बहुतेकांचे पाय आत सैल पडतात. मग हौसाक्का समाधानाने सांगायला बसतात.

असं सांगतात की, तळसडं सात घरांचं होतं तेव्हाची ही गोष्ट. खालच्या अंगाच्या एका गावात ठकू नावाची मुलगी होती. तिचे पाय जन्मापासूनच रुंद. बापाने चार बाजार पालथे घातले, पण लांबीला बसेल ती चप्पल रुंदीला अडे, आणि रुंदीला बसेल ती पुरुषाची, चालताना निम्मी मागे फरफटे. "बैलाला नाल मारतात, तशी मारून घ्या," असं एक दुकानदार म्हणाला होता म्हणे. सतराव्या वर्षापर्यंत ठकू अनवाणीच राहिली. वैशाखात ती सावलीवरून सावलीवर उड्या मारत पाण्याला जायची.

तळसड्याच्या तुकोजीशी तिचं लग्न ठरलं, तेव्हा तिने दागिना मागितला नाही. माझ्या पायाची चप्पल द्या, एवढंच म्हणाली. मागणं अवघड नव्हतं, कारण तळसड्याची रीतच तशी होती. नव्या सुनेने वेशीवर सासरचं पायताण घालायचं आणि त्यातच घरापर्यंत चालत जायचं. दिवस मावळायच्या आत ते झालं नाही तर वरात माघारी. ठकूच्या बापाने एका सुतळीला गाठी मारून माप पाठवलं. पहिली गाठ लांबीची, दुसरी रुंदीची.

तळसड्याचा भिवाप्पा चपलांचा मोठा कारागीर. आज्याने घडवलेले चपला बेतायचे लाकडी साचे, फर्मे, त्याच्याकडे होते आणि त्यांची तो रोज पूजा करायचा. त्याने सुतळी पाहिली. लांबीची गाठ जुळली. रुंदीची गाठ पाहून तो हसला. बाईचा पाय एवढा रुंद असेलच कसा? गाठ चुकून पडली असणार! त्याने ती सोडून टाकली आणि फर्म्यावर चप्पल बेतली.

वैशाखातल्या भर दुपारी वरात वेशीवर आली. लाल गोंड्यांची चप्पल पुढे आली, आणि पट्ट्याखाली ठकूची तीनच बोटं शिरली.

"भिवाप्पा, दोन्ही चपला एकाच पायात घाल तिच्या!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. लोक खिदळले.

"बोटं आखड की गं," सासू बायडाबाई म्हणाली. "आम्ही न्हाई का आखडली?"

बापानेही हात जोडले. "पोरी, दोनशे पावलं तर हायती. सोस."

ठकूने चप्पल काढून भिवाप्पासमोर ठेवली. "सुतळीला दोन गाठी हुत्या. दुसरी कुठं गेली?"

"आज्याचा फर्मा हाय माझ्या," भिवाप्पा म्हणाला. "गावच्या समद्या सुना घरात गेल्या त्याच्यावर. फर्मा चुकत न्हाई. तुझा पायच चुकलाय."

तेव्हा ठकू त्या तापलेल्या कातळावर जाऊन उभी राहिली. "माझ्या पायाचं माप घ्याल तवाच मी हलंन. तोवर गावातबी येणार न्हाई अन् माघारीबी जाणार न्हाई."

जाणती मंडळी सावलीला बसली. घटकाभरात येईल वळणावर, म्हणाली. भाकर टाकली असती तर भाजून निघाली असती, असा तो कातळ. ठकूच्या तळव्यांना फोड आले, फुटले. डोळ्यांसमोर अंधारी आली तरी तिने पाय उचलला नाही. दिवस कलता कलता तिला तळव्यांखाली काहीतरी दबल्यासारखं वाटलं. आधी भास वाटला. मग कळलं, कातळ मेणासारखा मऊ होऊन बोटांच्या फटींतून वर येत होता. जन्मात पहिल्यांदा कशाने तरी तिच्या पायांना जागा करून दिली होती.

सगळ्यांत आधी ते बायडाबाईने पाहिलं. ती उठली, कातळासमोर आली आणि तिने स्वतःची चप्पल काढली. तीस वर्षांत तिची बोटं एकमेकांवर चढून बसली होती. ती उघडी बोटं गावाने तेव्हाच पाहिली.

"कातडं आण, भिवाप्पा," ती म्हणाली.

"अगं, पण आज्याचा फर्मा..."

"आज्याला बोलीव मग."

भिवाप्पाने ओलं कातडं आणि खुणेचा कोळसा आणला. बायडाबाईने त्याच्या हातातला कोळसा घेतला, गुडघे टेकले, कातडं ठकूच्या पायांखाली सरकवलं आणि पायांभोवती स्वतः रेघ ओढली. भिवाप्पाने त्या रेघेवर कातडं कापलं, पट्टे ओवले. गोंडे लावायला वेळ नव्हता. सूर्य डोंगराला टेकत होता तेव्हा ठकू वेस ओलांडून आत आली. फोडांनी तळवे सोलले होते, पण बोटं मोकळी होती. तिच्यामागून बायडाबाई अनवाणी चालली. लग्नाच्या जेवणाची चूल भिवाप्पाच्या फर्म्यांवर पेटली, आणि ते त्याने स्वतः आणून दिले, असं म्हणतात.

आजही तळसड्यात नवी सून आली की ती आधी या कातळावर उभी राहते. नवऱ्याच्या घरातलं सर्वांत थोरलं माणूस तिच्या पायांखाली कातडं घालून भोवती कोळशाने रेघ ओढतं. गुडघे धरलेत, ही सबब चालत नाही. जागा तयारच आहे. पावलांसमोरचे ते दोन गोल खळगे बायडाबाईच्या गुडघ्यांचे आहेत.