शिंप्याच्या गुंजा

फार मागची गोष्ट. चैत्रातलं ऊन असं तापलं होतं की पानांनीसुद्धा माना टाकल्या होत्या. पानं शिवून घरटं करणाऱ्या शिंपी पाखराला कामाचा भारी कंटाळा, म्हणून साळुंकी त्याला टाक्यामागे एक लाल गुंज देऊ लागली. त्यानं त्याचा हात बसला, हे खरं बाबांनो. पण मग तो दिसेल ते पान शिवत सुटला.

"अहो, एक तरी घरटं पुरं करा. अंडं आजच येतंय," शिंपीण कावून म्हणाली.

"थांब गं, आता साळुंकी दोन-दोन देतेय."

दिवस कलला तेव्हा शेजारचा होला आला. म्हणाला, "शिंपीदादा, आमचं घरटं चार काड्यांचं, सगळे हसतात. वहिनींनी अंडं तिथंच घातलंय. तुमचं चालू द्या."