कडुलिंबावरचा आवाज

“...पण नुरा हुती का न्हवती, एवढंच सांगा वस्ताद. बाकी मला काय नको.”

बाळगोंडा वस्तादांनी वर पाहिलं नाही. तालमीच्या ओसरीवर बसून ते बाजेवरच्या माणसाला दूध-भाकरी भरवत होते.

विचारणारा होता तातोबा इंगवले. ट्रॉल्या बांधायचं वर्कशॉप, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, आणि पंचक्रोशीत कुस्तीचा शौकीन म्हणून मोठं नाव. स्वतः त्यानं कधी लंगोट कसला नाही. तरी वस्तादांना तो गुरू म्हणायचा, कारण कुस्ती म्हणजे काय ते आपल्याला त्यांच्यामुळे कळलं, असं त्याचं म्हणणं होतं. आपला एकुलता एक मुलगा धैर्यशील त्यानं याच तालमीत ठेवला होता.

आज मोटरसायकलच्या मागे बांधून त्यानं एक पत्र्याची ट्रंक आणली होती. ती उतरवून तालमीच्या उंबऱ्याला टेकवून ठेवली. ट्रंकेत धैर्यशीलचे कपडे होते. भरताना त्याच्या आईनं कपड्यांखाली लाडवांचा डबा सारला होता, आणि तातोबानं तो पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

झालं होतं असं. आदल्या दिवशी जत्रेच्या मैदानात धैर्यशीलची जोड बेळगावकडच्या सिद्रामशी लागली होती. धैर्यशीलनं सिद्रामची मान बगलेत धरली तेव्हा सगळं मैदान उठून उभं राहिलं. मग काय झालं कुणाला कळलं नाही. पकड सैल पडली. दोघं कपाळाला कपाळ लावून उभे राहिले, ते राहिलेच.

लोक ओरडायला लागले... नुरा, नुरा.

नुरा म्हणजे आधी ठरवून, लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकायला केलेली कुस्ती. पैलवानाला याहून वाईट शिवी नाही. शेवटी पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली, आणि तातोबा फेट्याचा शेमला तोंडावर ओढून घरी गेला.

“रातच्याला दोघं एका ताटात जेवली,” तातोबा म्हणाला. “हितंच, तुमच्या तालमीत. गावभर झालंय.”

“जेवली,” वस्ताद म्हणाले.

“मग? आणि काय पुरावा पायजे?”

वस्तादांनी भाकरीचा तुकडा दुधात बुडवला, बोटांनी मऊ केला आणि बाजेवरच्या माणसाच्या तोंडात दिला. तो माणूस भिंतीला टेकून बसला होता. दोन्ही हात मांडीवर पडलेले, कुणीतरी तिथं ठेवून विसरून गेल्यासारखे. तालमीतली पोरं त्याला काका म्हणत. तातोबानं त्याला येता-जाता पाहिलं होतं. वस्तादांचा आजारी भाऊ असेल, अशी त्यानं समजूत करून घेतली होती. विचारायचं काही कारण पडलं नव्हतं.

“तुमचा शब्द शेवटचा,” तातोबा म्हणाला. “तुम्ही नुरा म्हणला, तर ही ट्रंक हितंच ऱ्हाईल. त्यानं परत माझ्या दारात पाय टाकायचा न्हाई.”

“पोराला इचारलंस?”

“इचारलं. गप बसतंय.”

“मग मी बी गप बसतो.”

...

गप्प बसणं तातोबाला कधी जमलं नव्हतं. तो ओसरीच्या कडेला टेकला आणि बोलत सुटला.

हल्लीच्या पैलवानांचं त्यानं सगळं काढलं. यांना मातीचा वास नको, गादी पाहिजे. दूध-तूप नको, डब्यातली पावडर पाहिजे. कुस्ती संपायच्या आत मोबाइलवर गाणं लावून तिचं चित्र फिरतं. बघणारेही तसलेच, डाव कुठला पडला ते पोरांना कळत नाही, पण हात वर करून मोबाइल मात्र धरतात. नावं मोठी आणि लक्षणं खोटी. पूर्वी कसं होतं! बैलगाड्या जुंपून लोक आदल्या दिवशीच यायचे. बसायला जागा नाही म्हणून झाडांवर चढायचे. हलगी कडाडली की अंगावर काटा यायचा. आणि पैलवान मातीत उतरला की त्याला बाहेर आणायला चौघं लागायचे.

“ते बाकी खरं,” वस्ताद म्हणाले.

तातोबाला जोर चढला.

“तुमची आणि मकबूल शिकलगाराची कुस्ती, वस्ताद. तसली मी परत बघितली न्हाई. चाळीस वर्सं झाली, आजून डोळ्यांम्होरं हाय.”

वस्तादांचा हात वाटीतच राहिला.

तातोबाचं तिकडे लक्ष नव्हतं. ही कुस्ती त्यानं वर्कशॉपमध्ये, लग्नात, मयतीला गेल्यावरसुद्धा सांगितली होती. बाळगोंडा आणि मकबूल, दोन्ही पोलादी, दोन्ही एका वयाचे. बाळगोंडानं मकबूलची मान बगलेत धरली, आणि मग दोघं असे घट्ट उभे राहिले की हलेनात. लोकांची चुळबुळ सुरू झाली. बिदागी वाटून घ्यायचा बेत दिसतोय, अशी कुजबुज झाली.

“आणि तवा पयला आवाज कुणी टाकला, ठावं हाय?” तातोबानं छातीवर हात ठेवला. “ह्या पठ्ठ्यानं. नुकतं मिसरूड फुटलं हुतं मला. मी बोंबललो, नुरा! मग समदं मैदान बोंबललं. आणि तुम्ही काय चवताळला वस्ताद! एका झटक्यात निकाल. मकबूल जो आडवा झाला, त्यो उठलाच न्हाई. चौघांनी उचलून न्हेला. याला म्हणायची कुस्ती.”

तो हसला.

“मी जागं केलं म्हणायचं तुमास्नी.”

वस्ताद हसले नाहीत. बाजेवरचा माणूस चावायचा थांबला होता.

“कुठं बसला हुतास तू?” वस्तादांनी विचारलं.

“कडुलिंबावर. इहिरीकडच्या.”

“व्हय... तिकडूनच आला हुता.”

...

आत आखाड्यात कुणीतरी माती खणत होतं. फावड्याचा आवाज एका लयीत येत होता. तो धैर्यशील होता हे तातोबाला माहीत होतं. पोरगा बापाला भेटायला बाहेर आला नव्हता, आणि त्याचं तातोबाला वाईट वाटत होतं, जरी त्यानं ते कबूल केलं नसतं.

वस्तादांनी वाटी त्याच्यापुढे धरली.

“माझा हात भरून आलाय. राह्यलेलं तू भरव. मग सांगतो, नुरा हुती का खरी.”

तातोबाला हे आवडलं नाही. पण गुरूचा शब्द मोडायचा कसा? त्यानं सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या, वाटी घेतली आणि घास केला. घास अर्धा तोंडात गेला आणि अर्धा हनुवटीवर आला.

“घास द्या पाव्हणं,” बाजेवरचा माणूस हळूच म्हणाला. “डाव टाकू नका.”

त्याचा आवाज जाड आणि थकलेला होता, पण त्यात चेष्टा होती. तातोबा ओशाळला.

“मान धराय लागती त्यांची,” वस्ताद म्हणाले. “मागनं हात घाल. गिळताना म्होरं पडती.”

तातोबानं मागून हात घातला. मानेच्या खाली त्याच्या बोटांना एक आवाळूसारखी गाठ लागली. तिथलं हाड सरळ नव्हतं. त्यानं दचकून हात काढला, तसं त्या माणसाचं डोकं छातीवर पडलं. मग त्यानं पुन्हा, या वेळी जपून, हात घातला.

इतक्या जवळून त्याला कान दिसला. सुजून, मुडपून, कायमचा मिटलेला कान. असा कान मातीत वर्षानुवर्षं घासल्याशिवाय होत नाही. शौकीन म्हणवणाऱ्या माणसाला एवढं तरी कळतंच.

“हे... पैलवान हुते?”

“हुते.”

“कुठले? मी बघितलं असंल का कवा?”

“बघितलंयस,” वस्ताद म्हणाले. “झाडावरनं.”

...

तातोबाच्या हातातली वाटी कलली आणि दूध त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडलं. त्यानं ते पुसलं नाही.

आपण आयुष्यभर ती कुस्ती सांगितली, आणि मकबूल पुढे कुठे गेला हे एकालाही विचारलं नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. आपल्या मुलखात परत गेला, असं कुणीतरी म्हणाल्याचं आठवत होतं. वस्तादांनी त्यानंतर पुन्हा मैदान धरलं नाही. ‘अजिंक्य राहून लंगोट उतरवला’ असं लोक कौतुकानं म्हणत. तातोबाही म्हणायचा.

“मान बगलंत आली हुती,” वस्ताद मातीकडे बघत म्हणाले. “हा कानात म्हणाला, बाळू, मान चालली... मी सैल सोडलं. दोघं तसंच हुभं राह्यलो. म्हटलं, दम खाऊ दे याला, मग बघू.”

ते थांबले.

“मग झाडावरनं आवाज आला.”

आत फावड्याचा आवाज चालू होता.

“तरणा हुतो मी. मला दावायचं हुतं, खरी हाय म्हणून.”

तातोबाला रडू आलं. हा माणूस बापाच्या सरणापाशीही रडला नव्हता. आता एका हातानं मकबूलची मान धरलेली, दुसऱ्या हातात वाटी, त्यामुळे डोळे पुसायलाही त्याला हात नव्हता.

“मला ठावं न्हवतं...” तो म्हणाला. “देवाशपथ...”

“झाडावरनं मान कुठली दिसतीया,” मकबूल म्हणाला. त्याला यात समजूत घालायची होती. “आनि तुमी एकलं न्हवता. समदंच वरडत हुतं.” थोड्या वेळानं तो म्हणाला, “दूध गार हुतंय, पाव्हणं.”

तातोबानं घास केला. या वेळी लहान केला, बोटांनी नीट कुस्करला. मकबूलनं तोंड उघडलं. एक घास, मग थांबायचं, गिळू द्यायचं, मग दुसरा. ओलं तोंड पुसायला वस्तादांनी पंचा पुढे केला. भरवायला किती वेळ लागतो, हे तातोबाला त्या दिवशी कळलं. हे रोजचं होतं, दोन्ही वेळचं, आणि इतकी वर्षं वस्ताद ते करत आले होते. लग्नही त्यांनी केलं नव्हतं. त्यामागे काहीतरी व्रत असणार, असं लोक म्हणत.

वाटी रिकामी झाल्यावर वस्ताद म्हणाले, “काल म्होरल्या रांगंतनं परत त्योच आवाज आला.”

तातोबानं मान खाली घातली. काल लोक ओरडायला लागले तेव्हा त्याला लाज वाटली होती. बाप म्हणून आपणही पोराला सामील आहोत असं कुणाला वाटू नये, म्हणून तो सगळ्यांत मोठ्यानं ओरडला होता.

“म्हातारा झालाय, पण आवाज त्योच,” वस्ताद म्हणाले. “मला वाटलं, भास हुतोय.”

“धैर्यानं... ऐकला असंल?”

“बापाचा आवाज पोराला कळत न्हाई व्हय?”

“आणि तरी त्यानं दाबलं न्हाई...”

“रोज सकाळी या मानंला तेल त्योच लावतो,” वस्ताद म्हणाले.

तातोबा उठला. आखाड्याच्या दारापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. आत धैर्यशील पाठमोरा होता, घामानं निथळत होता. माती खणायची राहिली नव्हती, तरी खणत होता. तातोबाला काहीतरी म्हणायचं होतं. त्यानं नुसतीच पोराची मान पाहिली. लहानपणी टाळू भरताना आपण याच मानेला हात द्यायचो, हे त्याला आठवलं.

“धैर्या,” तो म्हणाला. “आईनं लाडू दिल्यात.”

फावडं थांबलं. धैर्यशीलनं वळून पाहिलं नाही, पण फावडं थांबलं.

तातोबा उंबऱ्याशी आला. ट्रंक उघडून त्यानं कपड्यांखालून डबा काढला आणि ओसरीवर ठेवला. मग ट्रंक उचलून परत मोटरसायकलला बांधली. दोरीची गाठ त्याला लवकर बसेना.

गाडीला किक मारायच्या आधी तो पुन्हा ओसरीपाशी आला. सदऱ्यावरचा दुधाचा डाग वाळत आला होता.

“वस्ताद, कट्ट्यावर समदी वाट बघत बसल्यात,” तो म्हणाला. “मी तुमास्नी इचारून येतो म्हणून सांगून आलोय. आता इचारतील, नुरा हुती का खरी... काय सांगू?”

वस्तादांनी पंचानं मकबूलचं तोंड पुसलं. भरवताना त्याचा एक हात मांडीवरून घसरून बाजेखाली लोंबत होता. तो त्यांनी दोन्ही हातांनी उचलला आणि परत जागेवर ठेवला.

“सांग, रातच्याला दोघं बी आपापल्या हातानं जेवली.”