हजार वेळा लावलेला कौल

पुष्कळ वर्षांमागे, डोंगरांना अजून कुणी नावंही दिली नव्हती तेव्हा, एका डोंगराच्या उतारावर दोन गावं होती. एक वरचं गाव, एक खालचं गाव. दोन्हींच्या वरच्या अंगाला एक झरा होता. त्याला पाणी बारमाही, पण एवढंसंच. थंडीच्या दिवसांत गहू पिकवायचा तर ते पाणी एका वेळी एकाच गावाच्या पाटाला पुरे.

मग पाणी कुणाचं? हे माणसांनी ठरवायचं नाही, देवीने ठरवायचं, अशी रीत होती.

देवीच्या देवळाला एकवीस पायऱ्या होत्या. देवळात तांब्याची एक चकती होती. तिच्या एका बाजूला सूर्य कोरलेला, दुसऱ्या बाजूला चंद्र. दर वर्षी पाऊस सरला की राजा स्वतः येई. देवळाचा म्हातारा गुरव वरच्या पायरीवरून चकती सोडी. ती खणखणत, गिरक्या घेत, पायरीपायरीवर उडत खाली येई आणि तळच्या सपाट शिळेवर निजे. वर सूर्य दिसला तर वर्षभर पाणी वरच्या गावाला. चंद्र दिसला तर खालच्या गावाला.

सलग सहा वर्षं सूर्य पडला.

खालच्या गावात कोंडाई नावाची कुंभारीण राहत होती. नवरा गेल्यावर चाकही तीच फिरवी, मडकी भाजायचा आवाही तीच लावी, आणि घरामागच्या तुकड्यात शेतीही तीच करी. सहा वर्षं तिने नाचणी खाऊन काढली होती. सातव्या वर्षी गावचा पाटील दारोदार फिरून सांगू लागला, "सहा वेळा त्यांचं झालं. आता आपलीच पाळी. देवी काय एवढी निष्ठुर आहे? काढा बियाणं, पेरून टाका!"

कोंडाईलाही ते पटलं. सगळ्यांनी राखून ठेवलेला गहू बाहेर काढला आणि पेरला. घरात मूठभरही उरला नाही.

कौलाच्या दिवशी दोन्ही गावं देवळापाशी लोटली. चकती निघाली. एकवीस पायऱ्या उतरली. शिळेवर दोन क्षण थरथरली आणि थांबली.

सूर्य.

खालच्या गावचा पाटील ओरडला, "लबाडी! सात वेळा एकच बाजू पडेल कशी? या गुरवाने चकतीत शिसं भरलंय. वरच्या गावाला विकला गेलाय हा!"

लोक गुरवावर धावले. म्हातारा चकती छातीशी धरून उभा राहिला. तो एवढंच म्हणाला, "मी या चकतीला चिंच लावून घासण्यापलीकडे काही केलं नाही."

राजाने हात वर केला. त्या राज्यात देवीच्या कौलात लबाडी करणाऱ्याचे दोन्ही हात तोडत. राजाने चकती उलटसुलट करून पाहिली. वरून काहीच कळेना. तोडून पाहावी तर देवीची वस्तू मोडायची कशी? तो गुरवाकडे बघत जडपणे म्हणाला, "सात वेळा सूर्य. याहून मोठा पुरावा कोणता?"

कोंडाईचंही बियाणं मातीत गेलं होतं. तिलाही संताप आला होता. पण त्या संतापाखाली एक जुनी गोष्ट तिला टोचत होती. ती पुढे झाली.

"महाराज, मी आव्यात शंभर मडकी रचते. त्यातलं कुठलं तडकेल ते मला कधीच सांगता आलेलं नाही. जे पक्कं वाटतं ते तडकतं, जे कच्चं वाटतं ते टिकतं. पण आवा उघडला की तडकलेली दहा-बाराच निघतात. कधी आठ, कधी चौदा. वीस वर्षं बघतेय. एका मडक्याचं कुणाला कळत नाही, पण शंभरांचं आधीच ठरल्यासारखं असतं. असं का, ते मला ठाऊक नाही. कधी कधी आव्यापुढे उभी राहून मला भीतीच वाटते."

"मग?" राजाने विचारलं.

"चकतीची सात दानं म्हणजे सात मडकी, महाराज. त्यावरून आवा कसा आहे ते कळत नाही. चकती हजार वेळा सोडा. तिच्या पोटात काय आहे ते तीच सांगेल."

पाटील दात-ओठ खात म्हणाला, "कोंडाई, तू आमच्या गावची की त्यांच्या?"

"पाटील, माझं शेत तुमच्या शेताला लागून आहे. तुमचं सुकेल तेव्हा माझंही सुकेल."

राजा म्हणाला, "आणि बाई, चकती खोटी निघाली तर?"

कोंडाईने गुरवाकडे पाहिलं. "तर खोटी म्हणून कळेल. मी निवाडा सांगत नाही, महाराज. निवाडा कळेल कसा, तेवढं सांगते."

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताच काम सुरू झालं. कोंडाईने घरून दोन सारखे माठ आणले. सूर्य पडला की एका माठात खडा, चंद्र पडला की दुसऱ्यात. पण दर वेळी चकती खालून वर कोण नेणार? तेव्हा राजाने दोन्ही गावांची माणसं पायऱ्यांवर उभी केली, एका पायरीवर वरच्या गावचा, पुढच्या पायरीवर खालच्या गावचा. चकती हातोहात वर जाऊ लागली. सहा वर्षं ज्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, त्यांची बोटं आता एकमेकांच्या बोटांना लागत होती.

चकती खणखणत उतरे. खडा पडे. चकती वर जाई.

शंभर दानं झाली तेव्हा सूर्याचे सत्तावन्न, चंद्राचे त्रेचाळीस. "बघा! बघा!" पाटील गरजला. गुरवाने डोळे मिटले. कोंडाईने पुढचा खडा उचलला.

मग एकदा अशी वेळ आली की सूर्यामागून सूर्य पडत गेला. पाच. सहा. सात. आठ. "आता चंद्र!" सगळे एका आवाजात ओरडले. कोंडाईही ओरडली. आठ सूर्यांनंतर चंद्र येणारच, असं तिच्या हाडामांसाला वाटत होतं.

चकती उतरली. नववाही सूर्यच.

कोंडाईच्या अंगावर सर्रकन काटा आला. म्हणजे हिला काहीच आठवत नाही! मागे काय पडलं ते ही तांब्याची चकती जाणतच नाही. प्रत्येक वेळी ती नव्याने जन्मते आणि प्रत्येक वेळी तिच्यापुढे दोनच वाटा असतात. आम्ही मात्र तिला पाळी ठरवून दिली, आणि त्या पाळीवर बियाणं पेरलं.

दुपार कलली. एकदा चंद्रही सलग आठ वेळा पडून गेला. पाचशे दानं झाली तेव्हा सूर्याचे दोनशे एकसष्ट, चंद्राचे दोनशे एकोणचाळीस. आता पाटील ओरडला नाही. तो पायरीवरून उतरून माठांजवळ येऊन बसला.

सहाशे. सातशे. आठशे. हळूहळू आरडाओरडा थांबला. मग कुजबुजही थांबली. डोंगरावर फक्त तांब्याचा नाद उरला. दोन्ही माठ भरत होते, एक पुढे जाई, एक मागे राही, पुन्हा जवळ येई. कुणी त्यांना हात लावत नव्हतं. कुणी चकतीला काही सांगत नव्हतं. तिला डोळे नव्हते, कान नव्हते, आठवण नव्हती, तरी ते दोन माठ कुणीतरी तराजूत धरल्यासारखे सारखे होत चालले होते.

हजारावं दान पडलं. खडे मोजले. सूर्य पाचशे सात. चंद्र चारशे त्र्याण्णव.

कुणी जयजयकार केला नाही. आपोआप लोकांचे हात जोडले गेले, आणि ते देवळाकडे जोडावेत की माठांकडे हे कुणाला कळेना.

गुरव हळूच कोंडाईला म्हणाला, "पोरी, साठ वर्षं मी ही चकती घासली. पण आज पहिल्यांदा पाहिली."

राजा माठांकडे बघत म्हणाला, "चकती खरी आहे, हे दिसलं. पण हिला आठवण नाही, तर मागचे नऊ सूर्य हिने फेडले कसे?"

"फेडले नाहीत, महाराज," कोंडाई म्हणाली. "ते नऊ खडे अजून माठात आहेत. हजारांच्या गर्दीत ते बुडून गेले, एवढंच."

"आणि आमची सात वर्षं?" पाटलाने विचारलं. आता त्याच्या आवाजात राग नव्हता.

कोंडाईने धुळीत बोटाने रेघ ओढली. रेघेला दोन फाटे काढले. "एका दानाला दोन वाटा. दुसऱ्या दानाला प्रत्येक वाटेला आणखी दोन, म्हणजे चार. तिसऱ्याला आठ. मग सोळा, बत्तीस, चौसष्ट. सातव्याला एकशे अठ्ठावीस वाटा. त्यातली एक वाट नुसत्या सूर्यांची. एकशे अठ्ठाविसांत एक. दुर्मिळ आहे, पण बंद नाही."

राजा त्या फाट्यांच्या झाडाकडे बघतच राहिला. "माझ्या राज्यात पाण्यासाठी कौल लावणाऱ्या गावांच्या दीडशेहून जास्त जोड्या आहेत," तो पुटपुटला. "म्हणजे कुठल्या तरी एका जोडीवर ही वाट येण्याचाच संभव. ती तुमच्यावर आली. आणि मी त्यापायी एका निर्दोष माणसाचे हात तोडणार होतो."

तो उठला आणि सगळ्यांदेखत त्याने गुरवाचे दोन्ही हात आपल्या कपाळाला लावले.

पण खालच्या गावची माणसं हलेनात. पाटील म्हणाला, "चकती खरी. गुरव खरा. पण आमचं बियाणं मातीत आहे आणि पाणी नाही. खरेपणाने पोट भरत नाही, महाराज."

कोंडाई म्हणाली, "कौल देवीचाच राहू दे. पण तो वर्षातून एकदाच लावावा, असं देवीने कुठे सांगितलंय? रोज सकाळी लावू. आजचा कौल आजच्यापुरता. उद्याचं उद्या."

सगळ्यांनी वरच्या गावाकडे पाहिलं. त्यांचं वर्षाचं पाणी तर जिंकून झालं होतं. ते नाही म्हणाले असते तरी रीत त्यांच्याच बाजूने होती. त्यांच्यातला एक म्हातारा, दिवसभर तिसऱ्या पायरीवर उभा राहून वाकलेला, कमरेवर हात ठेवत म्हणाला, "आज हजार वेळा ही चकती मी यांच्या हातात दिली आणि यांच्या हातून घेतली. आता एकट्याने पाणी प्यायचं म्हटलं तर घशाखाली उतरायचं नाही. रोज लावा कौल."

त्या हिवाळ्यात एकशे वीस सकाळी चकती पायऱ्या उतरली. त्रेसष्ट दिवस पाणी वरच्या गावाला गेलं, सत्तावन्न दिवस खालच्या. एकदा खालचा पाट सलग पाच दिवस कोरडा राहिला आणि कोंडाई रोज शेताच्या बांधावर जाऊन बसली. पण गहू पाच दिवस तहान सोसतो. त्याला सोसत नाही ती वर्षाची तहान. सहाव्या दिवशी चंद्र पडला आणि पाटातून पाणी खळाळत आलं.

पीक दोन्ही गावांत उभं राहिलं. सात वर्षांत पहिल्यांदा खालच्या गावात गव्हाची पोळी तव्यावर फुगली. आणि ती रोजची रीत पुढे राजाने सगळ्या जोड्यांना घालून दिली.

म्हणून लहानथोरांनो, लक्षात ठेवा: एक दान आंधळं असतं, हजार दानांना दृष्टी येते, तेव्हा मूठभर दानांवर ना कुणाला दोषी ठरवावं, ना एका दानावर आपलं सगळं बियाणं पेरावं.