पहिल्या पाण्याचा मान

नदीकाठच्या एका प्राचीन देवनगरीत एकदा एका शिष्यावर मोठे धर्मसंकट ओढवले. काण्हू त्याचे नाव. कोळ्याचा मुलगा, पण अक्षर मोत्यासारखे. म्हणून नव्या राउळाच्या शिलालेखात नगरीचा मूळ इतिहास लिहिण्याचे काम राजाने त्याच्यावर सोपवले होते. ज्या घराण्याच्या पूर्वजाला या राउळातला देव सर्वप्रथम सापडला, त्या घराण्याला शिवरात्रीला पहिले पाणी घालण्याचा मान कायमचा मिळणार होता.

कुंभार म्हणाले, "माती खणताना देव आमच्या पणज्याच्या कुदळीला लागला." गवळी म्हणाले, "आमची गाय रोज त्याच जागी पान्हा सोडायची, म्हणून उकरून पाहिलं." आणि कोळ्यांचा म्होरक्या, म्हणजे खुद्द काण्हूचे वडील, छातीवर हात मारून सांगत, "देव आमच्याच जाळ्यात आला!" साक्षीदार एकाकडेही नाही, शपथा मात्र तिघांच्याही खऱ्या वाटाव्यात अशा. वडिलांचे नाव लिहावे तर पक्षपात, न लिहावे तर घरी तोंड कसे दाखवायचे? आता सांगा, बिचाऱ्याने करावे तरी काय!

रडकुंडीला येऊन तो आचार्यांकडे गेला. "गुरुदेव, उद्या पाथरवट येणार. काय लिहू?"

वृद्ध आचार्यांनी गेरू उचलला आणि शिळेवर लिहिले : 'या स्थानी पहिला कोण आला, हे आम्हांस ज्ञात नाही.'

काण्हू आ वासून बघतच राहिला. "अहो, पण अज्ञान कुणी दगडात कोरतं का?"

"अरे वेड्या, तिन्ही कथांत देव सापडतो. घडवत कुणीच नाही. म्हणजे त्याआधी कुणीतरी तो घडवला, पुजला आणि काय झालं कोण जाणे, सोडून गेला. त्या माणसाला आपण पुसून टाकायला निघालो आहोत. पहिलं पाणी त्याच्या नावाने घालावं, आणि तिन्ही घराण्यांनी मिळून घालावं."

काण्हूला पटले, पण वडिलांना सांगायचे कसे? दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने त्यांना शिळेपुढे आणले आणि ओळ वाचून दाखवली. म्हातारा रागावला नाही. तो मटकन खाली बसला.

"कोर तसंच," तो हळूच म्हणाला. "जाळ्यात देवासंगं एक पणतीही आली होती, काजळी धरलेली. आपल्याआधी कुणी देव पुजला हे कळू नये म्हणून तुझ्या पणज्यानं ती परत नदीत टाकली. आपल्या घरानं हे आजवर कुणाला सांगितलं नाही."

काण्हू वडिलांशेजारी जरा वेळ बसला, आणि मग पाथरवटाला बोलवायला उठला.