साडेसात तांबे ताक

कडसरच्या उदाजीराजांनी एका पहाटे गोंदबांना नोकरीवरून काढून टाकलं. गोंदबा वीस वर्षं राजाला हाक मारून उठवत आले होते. त्या दिवशीही मारली. पण राजा स्वप्नात पुरणपोळी खात होता, आणि तुपात बुडवलेला घास अगदी ओठांपर्यंत आला होता!

झालं. दवंडी पिटली. राजाला सूर्योदयाआधी उठवणारं माणूस पाहिजे. हाक मारायची नाही, हात लावायचा नाही, दिवा न्यायचा नाही आणि झोपमोड तर करायचीच नाही. जमलं तर नोकरी, नाही जमलं तर अर्धी मिशी उतरवणार.

आठवड्याभरात अर्ध्या मिशीचे सहा जण गावात तोंड लपवून फिरू लागले.

गोंदबांच्या लेकीला, भिवराला, मात्र घोर होता घराचा. राहतं घर नोकरीबरोबर मिळालेलं; महिना संपला की तेही जाणार.

"बाबा, मी जाते परीक्षेला."

"तुला काय येतं त्यातलं?"

"काहीच नाही. म्हणून तर आधी तयारी करणार आहे."

आधी ती अर्ध्या मिशीवाल्यांना भेटली. हलवाई म्हणाला, "खिडकीखाली जिलब्या तळल्या. म्हटलं, वासाने उठेल. तर राजाने त्या झोपेतच खाल्ल्या आणि दुप्पट घोरायला लागला." पहिलवान म्हणाला, "मी नुसता पलंग हलवला. राजाला हात कुठे लावला? तरी म्हणे झोपमोड झाली!" भिवराला एवढं कळलं, की बाहेरून काहीही केलं तरी मिशी जाणारच.

मग ती घरी आली आणि म्हशीच्या दह्याचं ताक घुसळायला बसली. रात्रीच्या जेवणाला गोंदबांपुढे जिरं-मीठ घातलेले तीन तांबे आले. सकाळी ते उन्हं येईपर्यंत घोरत होते. दुसऱ्या दिवशी सहा तांबे दिले, तर गोंदबा अपरात्रीच उठून शिव्या देत परसात पळाले. मग पाच दिले. पहिला कोंबडा आरवायला आणि गोंदबा परसाकडे धावायला एकच गाठ पडली. भिवराने भिंतीवर कोळशाने पाच रेघा ओढल्या, पुढचे तीन दिवस खात्री करून घेतली आणि विचारलं, "बाबा, राजाचं पोट तुमच्या कितीपट असेल?"

गोंदबांनी आधी दार लावून घेतलं. मग हळूच म्हणाले, "दीडपट."

संध्याकाळी राजा जेवायला बसला होता, तेव्हा भिवरा डोक्यावर साडेसात तांबे ताकाची चरवी घेऊन हजर झाली.

"तुला तर मिशीच नाही," राजा म्हणाला.

"तेवढंच तुमच्या न्हाव्याचं काम वाचलं, महाराज."

"असं? मग हरलीस तर तुझ्या बापाची उतरवीन. अर्धी नाही, सगळी!"

गोंदबा त्या मिशीला रोज तूप लावायचे. तरी ती म्हणाली, "राजाकडे रिकाम्या हाताने कसं यायचं? घरचं ताक आणलंय."

प्रजेच्या घरून आलेलं राजाने ताटात उरवायचं नाही, ही कडसरची जुनी रीत. आणि ताकही झकास जमलं होतं. राजाने चरवी उपडी केली आणि ढेकर देऊन झोपायला गेला.

पहिला कोंबडा आरवला. भिवरा दाराबाहेर वेणी घालत बसली होती. धाडकन दार उघडलं आणि राजा अंधारात उंबऱ्याला ठेचकाळत, धोतर सावरत परसाकडे पळाला. जरा वेळाने अगदी निवांत चेहऱ्याने परत आला. भिवराला पाहिलं आणि थबकला.

"मला उठवलं कुणी?"

"कुणी हाक मारली, महाराज?"

"नाही."

"हात लावला? दिवा दाखवला?"

"दिवा असता तर ठेचकाळलो असतो का?"

"मग झोप कुणी मोडली?"

"माझी... माझी मीच," राजा म्हणाला आणि त्याला त्या साडेसात तांब्यांचा उलगडा झाला. तो पोट धरून हसत सुटला. "पण नेमका कोंबड्याचा मुहूर्त कसा साधलास?"

"पाच तांबे बाबांवर मोजून पाहिले. तुमच्यासाठी दीडपट केले."

"दीडपट का?"

भिवराने राजाच्या पोटाकडे पाहिलं आणि चटकन नजर छताकडे वळवली. राजा आणखीनच हसला.

"नोकरी तुझी, घर तुझं. आणखी काय हवं ते माग."

"बाबा वीस वर्षं तुमच्याआधी उठले, महाराज. आता त्यांना कुणी उठवायचं नाही, असा हुकूम द्या."

राजाने तिथल्या तिथे शिक्का मारून हुकूम दिला. भिवरा तो घेऊन धावत घरी गेली, तर गोंदबा केव्हाचे उठून मिशीला तूप लावत बसले होते.

"काल रात्रीही पाच तांबे प्यालो, पोरी," ते म्हणाले. "आता सवयच लागली."